कूले द सेराँ : शिंगखतावर पोसलेला द्राक्षमळा

पश्चिम फ्रान्समधील आँजे शहराजवळ, ल्वार नदीच्या उत्तर काठावर साव्हनियेर हे गाव आहे. तेथील खडकाळ, तीव्र उतारावर सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी ११३० साली द्राक्षवेली लावल्या, आणि तेव्हापासून ही जमीन द्राक्षांखालीच आहे. कूले द सेराँ हे या मळ्याचे नाव. क्षेत्र जेमतेम सात हेक्टर. पण फ्रान्सच्या कायद्याने त्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकन दिले असून ते संपूर्णपणे एकाच कुटुंबाच्या मालकीचे आहे. जगभरातील बायोडायनॅमिक द्राक्षशेतीची चर्चा या मळ्याचे नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही.

जोली कुटुंबाने ही मालमत्ता १९६२च्या सुमारास घेतली. पुत्र निकोला जोली यांनी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि बँकेत नोकरी धरली. १९७७ मध्ये ती सोडून ते मळ्यावर परतले. तणनाशके वापरल्यास मजुरीचा खर्च वाचेल, हा शेतीतज्ज्ञांचा सल्ला त्यांनी मानला. दोनच वर्षांत मातीचा रंग बदलला, उपयुक्त किडे नाहीसे झाले, तित्तर दिसेनासे झाले, असे ते सांगतात. त्याच काळात बायोडायनॅमिक शेतीवरील एक पुस्तक त्यांच्या हाती पडले. आधी लहान तुकड्यावर प्रयोग करून १९८४ पासून त्यांनी संपूर्ण मळा या पद्धतीखाली आणला.

या पद्धतीचे मूळ ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांनी जून १९२४ मध्ये कोबरविट्झ येथे दिलेल्या आठ व्याख्यानांत आहे. (हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे.) शेत म्हणजे स्वयंपूर्ण सजीव देह, त्याचे खत त्याच्याच गोठ्यातून यावे, ही त्यातील मुख्य कल्पना. गंमत अशी की श्टायनर स्वतः मद्यपानाच्या विरोधात होते.

रासायनिक खते व कीटकनाशके वर्ज्य, इथवर ही पद्धत सेंद्रिय शेतीसारखीच आहे. वेगळेपण आहे ते पुढे. व्यालेल्या गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात. वसंतात बाहेर काढलेले हे शिंगखत हेक्टरी साधारण शंभर ग्रॅम या अल्प प्रमाणात पाण्यात घालून, दिशा बदलत तासभर ढवळून जमिनीवर शिंपडतात. गारगोटीच्या पुडीचे दुसरे मिश्रण शिंगातच, परंतु उन्हाळ्यात पुरले जाते आणि पानांवर फवारले जाते. कॅमोमाइल, ओकची साल, डँडेलियन अशा वनस्पतींपासून केलेली सहा मिश्रणे कंपोस्टसाठी असतात. अनेक शेतकरी चंद्र व राशींच्या स्थितीनुसार कामांचे दिवसही ठरवतात. केवड्यासारख्या रोगांवर मोरचूद आणि भुरीवर गंधक यांना मात्र मर्यादित परवानगी असते.

या सगळ्याला शास्त्राचा आधार किती? स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चाललेल्या तुलनात्मक प्रयोगाचे २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सेंद्रिय व बायोडायनॅमिक शेतांत उत्पन्न सरासरी २० टक्के कमी, पण मातीतील सजीवसृष्टी अधिक समृद्ध, असे त्यात आढळले. तो प्रयोग मात्र गहू, बटाटा अशा पिकांवरचा होता. खास द्राक्षांवर कॅलिफोर्नियात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेंद्रिय व बायोडायनॅमिक भागांच्या मातीत उल्लेखनीय फरक दिसला नाही. म्हणजे रसायने टाळण्याचा लाभ दिसतो. शिंगाचा आणि ग्रहताऱ्यांचा वेगळा लाभ अद्याप सिद्ध झालेला नाही.

तरीही ही पद्धत केवळ श्रद्धा म्हणून बाजूला सारता येत नाही. उतारावर घोड्याने नांगरट, एकाच वेलीवरची द्राक्षे पिकतील तशी अनेक फेऱ्यांत तोडणी, द्राक्षांवरील नैसर्गिक यीस्टवरच आंबवण, या कामांत मालकाला रोज वेलीपाशी उभे राहावे लागते. कूले द सेराँची कीर्ती या लक्ष देण्याचीही असावी. तिची किंमतही आहे : उत्पन्न कमी, आणि प्रत्येक वर्षाची वाइन सारखी उतरत नाही, अशी टीका जाणकार करतात. आपण वाइन घडवत नाही, निसर्गाचे मदतनीस आहोत, ही जोलींची भूमिका आहे. २००१ मध्ये त्यांनी समविचारी उत्पादकांची संघटना स्थापन केली. मळ्याची सूत्रे पुढे त्यांची कन्या विर्जिनी यांनी सांभाळली.

ही वाइन ज्या शेनँ ब्लां जातीच्या द्राक्षांची होते, तीच जात नाशिक परिसरातही वाइनसाठी लावली जाते. पण ल्वारच्या वेली थंडीत विसावतात. आपल्याकडे त्या बाराही महिने जाग्या असतात, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळ छाटणी करावी लागते. तेव्हा फ्रान्सचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे चालणार नाही. घेण्यासारखे आहे ते एवढेच : जमिनीचे आरोग्य हे हंगामाच्या नव्हे, पिढ्यांच्या हिशेबाने मोजायचे असते.