महाराष्ट्रातील भरतनाट्यम शिक्षण

भरतनाट्यम ही तमिळनाडूमध्ये घडलेली भारतीय शास्त्रीय नृत्यशैली आहे. महाराष्ट्रात तिचे शिक्षण प्रामुख्याने खासगी वर्ग, परीक्षा मंडळे आणि काही विद्यापीठीय विभाग यांच्यामार्फत दिले जाते. मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांत कथकच्या बरोबरीने हे नृत्य शिकवले जाते. शिकणाऱ्यांमध्ये शाळकरी मुली बहुसंख्य असतात. पारंपरिक रचनांचे साहित्य तमिळ, तेलुगू किंवा संस्कृत असते, तर मराठी घरांतून येणाऱ्या विद्यार्थिनींना त्यांपैकी पहिल्या दोन भाषा बहुधा येत नाहीत. त्यामुळे शब्दाचा अर्थ शिक्षिकेने सांगायचा आणि विद्यार्थिनीने तो पाठ करून अभिनयात आणायचा, अशी येथील अध्यापनाची रीत पडली आहे.

तंजावरचा दुवा

तंजावरवर १८५५ पर्यंत भोसले घराण्याचे राज्य होते. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू होते. आज सर्वत्र शिकवला जाणारा अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना हा क्रम, म्हणजेच ‘मार्गम्’, रूढ करण्याचे श्रेय या बंधूंना दिले जाते. सरफोजींच्या नावावर मराठी नृत्यरचनाही आहेत. ‘निरूपण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनांत एक कथा अनेक नृत्यांशांतून सांगितली जाते आणि सर्व अंश एकाच रागात व एकाच तालात बांधलेले असतात.

या इतिहासावरून भरतनाट्यमचे मूळ मराठी असल्याचे काही वेळा सुचवले जाते, ते ग्राह्य नाही. राजाश्रय मराठी होता. नृत्य जपणाऱ्या देवदासी आणि ते शिकवणारे नट्टुवनार तेथील स्थानिक परंपरेतील होते. महाराष्ट्रातील आजचा प्रसारही तंजावरहून थेट आलेला नाही. तो विसाव्या शतकात मुंबईमार्गे झाला.

मुंबई आणि पुणे

१९३० च्या दशकात मद्रासमध्ये हे नृत्य देवदासींच्या हातून उच्चवर्णीय शहरी कुटुंबांकडे जाऊ लागले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेली कलाक्षेत्र ही संस्था या बदलाचे प्रमुख केंद्र ठरली. नृत्याला प्रतिष्ठा मिळाली, पण ज्या स्त्रियांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते त्या रंगमंचावरून बाजूला पडल्या. मुलीला नृत्यवर्गात पाठवणे मध्यमवर्गीय मराठी पालकांना वावगे वाटेनासे झाले, त्यामागे हा बदल आहे. वर्गांत शिकवल्या जाणाऱ्या इतिहासात त्याची ही दुसरी बाजू क्वचितच येते.

मुंबईत माटुंगा परिसरात तमिळ वस्ती वाढली आणि तंजावर परंपरेतील गुरू शहरात आले. १९४५ मध्ये श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कलामंदिर ही संस्था सुरू झाली. मूळचे मालवणचे आचार्य पार्वतीकुमार यांनी मुंबईत अशा गुरूंकडे शिक्षण घेतले आणि पुढे सरफोजींच्या मराठी निरूपणांचा अभ्यास करून ती रंगमंचावर आणली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावर बंधूंच्या वंशातील के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही अध्ययन केले. हिंदुस्तानी रागसंगीतावर भरतनाट्यम बसवण्याचा त्यांचा ‘नृत्यगंगा’ हा उपक्रम मराठी प्रेक्षकांची अडचण नेमकी ओळखणारा होता: कर्नाटक संगीताची सवय नसलेल्या श्रोत्याला ओळखीचा राग, मराठी वा हिंदी पद आणि मूळ अडवूंची शिस्त एकत्र मिळाली. पुण्यातील कलावर्धिनी ही त्यांची संस्था आहे.

उच्च शिक्षणात कनक रेळे यांनी स्थापन केलेले मुंबईचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र ही महत्त्वाची नावे होत.

वर्ग आणि परीक्षा

बहुतेक वर्ग शिक्षिकेच्या घरी, सोसायटीच्या सभागृहात किंवा शाळेच्या रिकाम्या खोलीत भरतात. शिक्षिका लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल धरते, सोल्लुकट्टू म्हणते आणि बॅच अरमंडीत बसून अडवू करते. आठवड्यातून दोन तास आणि महिन्याची फी, हा सर्वसाधारण व्यवहार असतो.

या वर्गांना टिकवून धरणारी गोष्ट म्हणजे परीक्षा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा चढत्या पायऱ्यांनी होतात. मंडळ मूळचे संगीताचे असल्याने कथक आणि भरतनाट्यम यांना त्याच मुशीत बसवले गेले. शास्त्राच्या भागात ‘अभिनयदर्पणा’तील २८ असंयुत हस्तांचे श्लोक पाठ करावे लागतात. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण देण्याची तरतूद राज्य शासनाने केल्यानंतर प्रमाणपत्राला आणखी महत्त्व आले. त्याचा एक परिणाम असा की, काही वर्गांत वर्षभर केवळ अभ्यासक्रमातील रचनाच बसवल्या जातात आणि दहावी झाली की विद्यार्थिनी वर्ग सोडते. ज्या वयात अभिनय उमलू लागतो, त्याच वयात शिक्षण थांबते.

अरंगेत्रम आणि खर्च

अरंगेत्रम म्हणजे शिष्येचा पहिला पूर्ण एकल कार्यक्रम. गुरूने शिष्येला रंगमंचाच्या योग्यतेची मानणे हा त्याचा मूळ अर्थ. महानगरांत आणि परदेशस्थ भारतीय कुटुंबांत तो घरच्या मोठ्या समारंभासारखा होऊ लागला. सभागृहाचे भाडे, गायक, मृदंगवादक व व्हायोलिनवादक यांचे मानधन, शिवलेले रेशमी पोशाख, दागिने, छायाचित्रण आणि पाहुण्यांचे जेवण हा सगळा खर्च पालकांवर पडतो. ध्वनिमुद्रित संगीतावर कार्यक्रम केल्यास तो बराच कमी होतो, पण नर्तिकेला थांबता किंवा रेंगाळता येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनापुरता पोशाख ड्रेसवाल्याकडून भाड्याने मिळतो. ज्यांना अरंगेत्रमचा खर्च झेपत नाही, अशा विद्यार्थिनींसाठी काही गुरू दोघी-तिघींचा एकत्र कार्यक्रम घेतात.

जपानमधील हुलाशी तुलना

परक्या प्रदेशातील नृत्याला वर्गांमुळे मोठा आधार मिळाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे जपानमधील हुला. फुकुशिमा प्रांतातील इवाकी येथे कोळसा खाणी बंद पडू लागल्यावर १९६६ मध्ये जोबान हवाइयन सेंटर हे उष्ण झऱ्यांवरील विहारस्थान उघडले आणि खाणकामगारांच्या मुलींना हुला शिकवण्यात आले. २००६ मधील ‘हुला गर्ल्स’ हा चित्रपट त्यावरच आहे. जपानमध्ये हवाईतील गुरूंना शिकवण्यासाठी बोलावले जाते, आणि नृत्याचा मोबदला मूळ भूमीला पुरेसा मिळतो का, यावर हवाईत चर्चाही होते. महाराष्ट्राशी मोठा फरक वयाचा आहे. जपानमध्ये हुला शिकणाऱ्यांत मध्यमवयीन आणि निवृत्त स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. त्यांना ना गुण हवे असतात ना समारंभ, त्यामुळे त्या वर्षानुवर्षे वर्गात राहतात. महाराष्ट्रातही लग्न किंवा नोकरीनंतर नृत्याकडे परतणाऱ्या स्त्रियांसाठी काही शिक्षिका वेगळ्या बॅच चालवतात.