इटलीची मधमाशी बारामतीत कशी आली?

मंडळी, काटेवाडीच्या रस्त्याला जरा वेळ उभं राहा, एखादी ॲपे रिक्षा जातेच. तिकडं इटलीत उच्चार ‘आपे’, अर्थ मधमाशी. महायुद्धानं मोडलेल्या इटलीत ट्रक घ्यायला पैसे कुणाकडं होते? पियाजिओ कंपनीनं १९४६ साली व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ साली तिलाच मागं हौदा जोडून ही तीनचाकी.

आता, ही कंपनी बारामतीत का आली? एमआयडीसी होती, राजकीय पाठबळ होतं, हे उत्तर आपण चटकन देतो. ते खरं आहे, पण अर्धं. स्वीडनच्या योहानसन आणि वाल्ने या अभ्यासकांनी १९७७ साली मांडलं, की कंपनी आधी भाषा, रीतभात जवळची असलेल्या देशात जाते. दूरच्या देशात जाते ती मागाहून, अनुभव गाठीला बांधून. या हिशेबानं बारामती फार लांब पडायला हवी होती.

माझं म्हणणं असं, की हे अंतर आधीच कापून झालं होतं, आणि ते कापलं बजाजनं. पियाजिओच्या परवान्यावर बजाजनं साठच्या दशकात स्कूटर आणि रिक्षा बनवल्या. १९७१ साली करार संपला, सरकारनं तो वाढवू दिला नाही. इटालियन गेले, रिक्षा राहिली. पुढची पंचवीसेक वर्षं इथल्या माणसानं ती चालवली, दुरुस्त केली, तिच्यावर पोट भरलं. म्हणजे १९९८ च्या सुमारास पियाजिओ ग्रीव्ह्जला सोबत घेऊन बारामतीत आली, तेव्हा तीन चाकांवर धंदा होतो हे कुणाला समजावायची गरजच नव्हती. गिऱ्हाईक तयार, मिस्त्रीही तयार! २०१२ साली तर व्हेस्पाचा कारखानाही इथंच निघाला.

चीजचं मात्र उलटं झालं. तिथं परक्यालाच बदलावं लागलं. मॅकडोनाल्ड्स १९९६ साली भारतात आलं ते गोमांस वगळून. त्यांना चीज पुरवलं ते बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीनं. युरोपात चीजसाठी दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरायची जुनी रीत. ते इथं कोण खाणार? म्हणून सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट. पुढं श्रायबर ही अमेरिकन कंपनी याच डेअरीत भागीदार झाली. तिनं नवी डेअरी उभारली नाही, चालती डेअरी धरली. दूध कुणाच्या गोठ्यातून घ्यायचं आणि इथल्या माणसाला काय चालत नाही, हे त्या डेअरीला आधीच ठाऊक होतं.