इजारा, रीठ आणि पोड

वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मारेगाव हे आज तालुक्याचे ठिकाण असले, तरी जुन्या दप्तरात ते वणी तालुक्यातील एक सामान्य गाव म्हणूनच आढळते. आणि वणी तालुका म्हणजे तरी वऱ्हाडाचा तो पूर्वेकडील कोपरा, की जेथून वर्धा ओलांडली म्हणजे चांद्याचा मुलूख लागतो आणि पैनगंगा ओलांडली म्हणजे आदिलाबादचा. दक्षिणेतील सर्वांत मोठ्या संस्थानाशी या कोपऱ्याचे नाते पुष्कळ जुने आहे. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा भोसल्यांचा अंमल संपून तो प्रदेश निजामाकडे गेला. १८५३ साली हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला. आणि १९०२ मध्ये सालीना पंचवीस लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने त्याचा कारभार इंग्रजांकडे राहिला. मात्र स्वामित्व नावापुरते निजामाचेच असल्यामुळे हैदराबादच्या युवराजास पुढे ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, आणि ज्या शेतकऱ्याच्या डोक्यावर हे सर्व छत्र धरलेले होते त्याला मात्र तहसिलीचा चपराशी एवढेच सरकार ठाऊक होते.

राजांच्या या उलाढालीपेक्षा गावाच्या जीवनावर खोल ठसा उमटला तो महसुलाच्या पद्धतीचा. निजामाच्या अमदानीत परगणेच्या परगणे ठेक्याने दिले जात. आधी पूरनमल सावकार आणि मागाहून पेस्तनजी मेहेरजींची पारशी पेढी यांच्याकडे वऱ्हाडच्या वसुलीचे ठेके होते, आणि ज्याला दोनचार वर्षांत आपली रक्कम व्याजासह उगवून घ्यावयाची आहे, त्याने रयतेच्या बैलजोडीची काळजी वाहावी अशी अपेक्षा करणेच व्यर्थ. त्यापूर्वीच्या पेंढाऱ्यांच्या लुटींनी आणि अधूनमधून पडणाऱ्या दुष्काळांनी जे उरले होते, ते या ठेक्यांनी खिळखिळे केले. यवतमाळ जिल्ह्याच्या गावयादीत आजही कित्येक नावांपुढे ‘रीठ’ असा शब्द लिहिलेला दिसतो. रीठ म्हणजे उठून गेलेले गाव, ज्याची शीव सरकारी नकाशात शाबूत आहे, पण जेथे दिवा लावणारे माणूस नाही. शिवारात नांगर थोडा खोल गेला की अशा जागी खापरे निघतात, जात्याची तळी निघते, क्वचित शेंदराने माखलेला मारुती झुडपात उभा असतो आणि शेजारच्या गावचे लोक शनिवारी येऊन त्याला तेल घालून जातात.

१८६४ मध्ये हा जिल्हा स्वतंत्र झाला. कचेरी यवतमाळास असूनही नाव मात्र वणीचेच. इंग्रजी दप्तरात तो १९०५ पर्यंत ‘वूण’ जिल्हा म्हणून चालला. नव्या सरकारपुढे पहिला प्रश्न होता तो या ओसाड रानाचा, कारण पडीक जमीन सारा देत नाही. म्हणून १८६५ च्या पडीत जमिनीच्या नियमांनी अख्खी गावे तीस वर्षांच्या मुदतीने इजाऱ्यावर देण्यात आली आणि रान तोडून ती लागवडीस आणण्याची अट इजारदारावर घालण्यात आली. इतरत्र वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीवर पाहणी होऊन प्रत्येक खातेदाराचा सरकारशी सरळ संबंध जुळला, परंतु इजारा गावांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये इजारदार उभा राहिला. त्यांतील काहींनी विहिरी खणल्या, कुळांना बी-बियाणे दिले, देऊळ बांधले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण बहुतेकांनी शहरात बसून कबुलायती लिहून घेतल्या आणि खळ्यावर माणूस पाठवून धान्य मोजून नेले, असे म्हणण्यास हरकत नाही. नावापुढे ‘इजारा’ असा शब्द लागलेली गावे या जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत.

याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि जेथे ज्वारी, तूर आणि जवस यांवर घर चालत होते तेथे काळ्या जमिनीत पऱ्हाटी पसरली. नव्या पिकाने दिवसाची वहिवाटच बदलली. निंदणीला आणि वेचणीला बाईमाणसाची मजुरी रोख मिळू लागली. वर्षाच्या कराराने राहणारा सालदार हा कुणब्याच्या घरचा जणू एक अवयव बनला. आणि बंडीत कापूस भरून रात्रीच्या चांदण्यात बाजारगाव गाठणे हा पुरुषांच्या आयुष्यातील एकमेव प्रवास ठरला. वेचणीच्या पहिल्या दिवशी बाया शेतात सीतादही करीत, म्हणजे बोंडे फुटलेल्या झाडापाशी दगड मांडून, हळदकुंकू वाहून दहीभाताचा नैवेद्य दाखवीत आणि मगच ओटी बांधून तासात शिरत. ही चाल अजून टिकली आहे. पण कापसाबरोबर सावकारही आला, आणि सातबाऱ्यावरील नावे बदलण्याचे काम त्याने पुढील दोन पिढ्यांत अशा निमूटपणे केले की तसे कोणत्याही लढाईला करता आले नसते.

ज्या रानाला दप्तराने ‘ओसाड’ म्हटले ते खरोखर निर्मनुष्य होते काय? मारेगावच्या डोंगराळ भागात आणि तेथून दक्षिणेकडे झरीपर्यंत कोलाम या आदिवासी जमातीचे पोड, म्हणजे वस्त्या, विखुरलेले आहेत. मध्ये चावडी, तिच्याभोवती कुडाच्या भिंतींची घरे, पंचांत नाईक, महाजन आणि कारभारी. घरात बोलली जाणारी कोलामी ही द्राविड कुळातील भाषा, आणि बाजारात मात्र अस्खलित वऱ्हाडी. जमिनीचा कस संपला की पोड हलवावे ही त्यांची रीत, आणि स्थिर खात्यावर उभ्या असलेल्या जमाबंदीला हलणारा माणूस दिसत नाही. इजाऱ्याने झाड तोडण्यास बक्षीस दिले, तर १८८६ च्या वऱ्हाड वनकायद्याने उरलेल्या झाडाला हात लावण्यास दंड ठरविला. या दोहोंच्या चिमट्यात कोलाम सापडला. मोह, चारोळी आणि डिंक हे त्याचे जुने उत्पन्न परवान्याच्या अधीन झाले, आणि बांबूच्या टोपल्या, सुपे व ताटवे विणून ती कुणब्यांना ज्वारीच्या बदल्यात देणे, एवढाच मोकळा धंदा राहिला. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ गवत कापून जंगल सत्याग्रह केला तेव्हा देशाला जी तक्रार नव्याने कळली, ती पोडांवर निदान दोन पिढ्यांची होती.

पैनगंगेच्या पलीकडे कायदा निजामाचा. तेथे करोडगिरीचा नाका, तेथे हाली शिक्क्याचे रुपये, सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार. सीमेवरच्या दुकानदाराला हा हिशेब बोटांवर येत असे आणि कोलामाला तो कधीच फायद्याचा पडत नसे. त्या बाजूला मात्र एक गोष्ट घडली जी आपल्या बाजूला घडली नाही. १९४० साली जोडेघाट येथे गोंडांचा पुढारी कोमरम भीम मारला गेल्यानंतर हैदराबाद सरकारने हैमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाकडून चौकशी करविली आणि आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याचे धोरण स्वीकारले. त्या कामावरील अधिकाऱ्यांत आपले सेतुमाधवराव पगडी होते, ज्यांनी कोलामीचे व्याकरणही लिहिले. संस्थानी राजवटीस मागासलेली म्हणणाऱ्या आम्हा वऱ्हाडकरांना ही तुलना फारशी सुखाची नाही.

१९५१ साली मध्यप्रदेश सरकारच्या कायद्याने इजारदारांचे मालकी हक्क संपले, पाच वर्षांनी विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १९६० पासून मारेगाव महाराष्ट्रात आहे. कोलामांची गणना आता अतिमागास आदिम जमातींत होते. तालुक्यातील जुन्या घराण्यांच्या पेट्यांत अद्याप इजाऱ्याच्या सनदा, कबुलायती आणि कुळांच्या वह्या असण्याचा पुष्कळ संभव आहे. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या अध्यापकांना दाखवाव्यात, आणि त्या अध्यापकांनी त्या वाचताना एखाद्या पोडावरील वृद्ध नाईकाला शेजारी बसवून घ्यावे.