दोन यंत्रे, एक खिसा

१/ माझ्या लहानपणी कसबा बावड्यात पिग्मीवाले काका घरी येत, तेव्हा त्यांच्याजवळ दोन यंत्रे असत. शर्टाच्या खिशात साधा मोबाइल आणि खांद्यावरच्या पिशवीत पतसंस्थेचे पिग्मी मशीन. आज त्यांच्या हाती एकच फोन असतो. या दोनांचे एक कसे झाले, त्याचा हा थ्रेड.

२/ प्रथम पिग्मीविषयी. रोजच्या कमाईतील लहानशी रक्कम दारी येऊन गोळा करण्याची ही योजना १९२८ साली उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली. कोल्हापूरच्या सहकारी बँका व पतसंस्थांमध्ये ती चांगलीच रुजली. आरंभी सारा हिशेब कार्डावर आणि वहीत असे.

३/ नंतर आले ते मशीन म्हणजे हातात मावणारा संगणकच होता. त्याला कळा, छोटा पडदा आणि पावती छापणारा प्रिंटर असे. शाखेत खातेदारांची यादी त्यात भरायची, फेरीत रकमा नोंदवायच्या आणि परतल्यावर शाखेच्या संगणकाला जोडून हिशेब उतरवायचा. वाटेत नेटवर्कची गरजच नसे.

४/ मग फोन आणि संगणक तेव्हाच एकत्र का केले नाहीत? प्रयत्न झाला होता. १९९४ साली आयबीएमचा ‘सायमन’ बाजारात आला. फोन, रोजनिशी, पत्त्यांची वही असे सारे त्यात होते. मात्र वजन सुमारे अर्धा किलो, आणि बोलत राहिल्यास बॅटरी तासाभरात संपे.

५/ १९९६ च्या पाम पायलटने उलट वाट धरली. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी आधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात बाळगून पाहिला होता. पायलटमध्ये फोन नव्हता, पण दोन लहान सेलवर तो कित्येक आठवडे चाले. फोन बंद पडला तरी पत्ते आणि टिपणे हाताशी राहत. म्हणून अनेक जण दोन्ही यंत्रे बाळगत.

६/ याच हॉकिन्स यांच्या हँडस्प्रिंग कंपनीने २००२ मध्ये ‘ट्रिओ’ आणून दोहोंचा मेळ घातला. २००७ मध्ये आयफोन आला. बॅटरी, पडदे आणि नेटवर्क सुधारत गेले, तसा वेगळा पीडीए मागे पडला. इतिहास बहुधा इथेच संपवला जातो.

७/ बावड्यातील फेरीला मात्र हे स्पष्टीकरण अपुरे पडते. पाम बाळगणाऱ्याची दोन्ही यंत्रे स्वतःचीच असत. काकांचे मशीन संस्थेचे होते, फोन स्वतःचा. मशीन बिघडले तर ते शाखेत नेऊन देत. दोन यंत्रांमध्ये नोकरी आणि घर यांची सीमारेषा होती.

८/ ॲप आले आणि ती रेषा पुसट झाली. लाभ खरा आहे. पैसे भरताच खातेदाराला संदेश जाऊ शकतो, त्यामुळे फसवणुकीला आळा बसतो. परंतु फोन स्वतःचा असेल, तर त्याचा रिचार्ज आणि फुटलेला पडदा कोणाच्या खात्यावर?

९/ हाच प्रश्न वेगळ्या रूपात ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर उभा राहिला. अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. ते संथ चालत, वरचेवर बिघडत, आणि ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत होते. काम कोणाचे आणि साधन कोणी पुरवायचे, हाच त्या आंदोलनाचा गाभा होता.

१०/ काकांना मी विचारले, दोन बरी की एक? ते म्हणाले, “वजनाला एकच बरं. पण मशीन शाखेत ठेवलं की सुटलो म्हणायचं. आता रातीबी कोण ना कोण फोन करतंय, माझे पैसे जमा झाले काय म्हणून.”

११/ साधनांचा इतिहास अभ्यासताना ते कोणी बनवले एवढेच पाहू नये. ते कोणी विकत घेतले, कोण दुरुस्त करतो, रात्री ते कुठे असते, हेही विचारावे.

१२/ शेवटी एक विनंती. थर्मल कागदावरच्या पावत्यांची अक्षरे काही वर्षांत उडून जातात. घरी जुन्या पिग्मी पावत्या असतील, तर त्यांची छायाचित्रे आजच काढून ठेवा. जुनी पिग्मी कार्डे असतील, तर रद्दीत देऊ नका.