कच्चं लिंबू

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी अशी गरम पाण्याची कुंडं आहेत. सांधे धरलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं उतरत आली. पाण्यात अंगाचा भार कमी होतो, उबेने आखडलेला सांधा सैलावतो. अमेरिकेत जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज गावी फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२४ साली हाच अनुभव आला. पोलिओने पाय गेलेला हा माणूस कोमट पाण्यात उभा राहिला. दोन वर्षांनी त्यांनी ती जागाच विकत घेतली. तिथं आलेल्या मुलांना व्यायाम मिळाला आणि पाण्यातले खेळही मिळाले. मला तो 'खेळही' मोठा वाटतो.

आपल्याकडे हे काम एका आईने हाती घेतलं. फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला होता. आपलं पोर सावरताना त्यांना इतरांची पोरं दिसली. १९४७ साली मुंबईत त्यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. हाजीअलीला तिचं रुग्णालय झालं. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दर्ग्याकडे जाणाऱ्या किती जणांना ही बाई ठाऊक असेल?

नैसर्गिक पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण २०११ सालचा. मैदानाच्या कडेला बसलेलं मूल मात्र अजून आहे. हातपाय धड, बुद्धी तल्लख. पण चेंडू हातात येत नाही, लंगडीत तोल जातो, बुटाची नाडी बांधता येत नाही. आपण त्याला वेंधळा म्हणून मोकळे होतो. डॉक्टर गबे यांनी १९७५ साली अशा मुलांवर पुस्तक लिहिलं. १९९४ साली कॅनडातल्या लंडनला जमलेल्या तज्ज्ञांनी या अडचणीला एकच नाव ठरवलं. शाळेतल्या शंभरांतल्या पाच-सहा मुलांना ती असते. हा आळस नव्हे. हालचालींची जुळणीच त्यांना कठीण जाते.

पीटीच्या तासाला गडी वाटताना हेच मूल शेवटी उरतं. मग ते पोट दुखतंय म्हणू लागतं. आपल्या गल्लीत यावर जुनी तोड होती: कच्चं लिंबू! त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते खेळात असतं. त्याच धर्तीवर चेंडू मोठा आणि मऊ घ्यावा, लगोरीची रेघ जवळ ओढावी, उडी एकेक टप्प्याने शिकवावी, गुण मोजू नयेत.

आणि पाणी. गणेशपुरीचं कुंड मात्र त्यासाठी नको, ते मुलांना फार कढत. साधा, कमरेइतका कोमट तलाव पुरे. सोबतचं मोठं माणूस काठावर नको, पाण्यातच हवं.