दीड पेनीचं तिकीट आणि नागपूरचं लाल मंजन

बैद्यनाथचं ‘दंत मंजन लाल’ हे औषध की दात घासायची पूड? नागपूरच्या सेंट्रल एक्साइज खात्याशी जुंपलेला हा वाद दोनदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पहिला निकाल 1996 च्या निकालसंग्रहात छापलेला आहे, दुसरा 2009 चा आहे. त्याच खात्याविरुद्ध विको लॅबोरेटरीजचं प्रकरण 2005 च्या संग्रहात आणि पुमा आयुर्वेदिक हर्बलचं 2006 च्या संग्रहात सापडतं. एका शहराच्या करकचेरीतून औषध म्हणजे काय, या एकाच प्रश्नावर इतके निकाल निघावेत, हे जरा नवलच. मात्र हा प्रश्न करखात्याने पहिल्यांदा विचारला तो नागपुरात नव्हे, लंडनमध्ये.

इंग्लंडमध्ये औषधांवर तिकीट-कर आला 1783 मध्ये, आणि 1812 च्या कायद्याने त्याची नीट घडी बसली. हा कर सरसकट सगळ्या औषधांवर नव्हता. डॉक्टरने लिहून दिलेलं, सर्वांना माहीत असलेलं साधं औषध त्यातून सुटत असे. कर लागायचा तो गुप्त कृतीच्या, मालकीहक्क सांगणाऱ्या किंवा अमुक रोगावरचा रामबाण म्हणून लोकांपुढे मांडलेल्या औषधांवर. यांनाच सर्रास ‘पेटंट औषधं’ म्हणत, जरी त्यांतल्या बहुतेकांनी पेटंट कधी घेतलेलंच नव्हतं. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागली असती. म्हणजे बाटलीत काय आहे यापेक्षा बाटलीवर काय लिहिलं आहे, यावर कर ठरत होता. जाहिरात हाच करपात्रतेचा पुरावा.

या कराचा माग काढायला सरकारी दप्तर उघडावं लागत नाही, वर्तमानपत्रातली जाहिरात पुरते. व्हिक्टोरियाच्या काळातल्या औषधांच्या किमती बघा: एक शिलिंग दीड पेनी, दोन शिलिंग नऊ पेनी, चार शिलिंग सहा पेनी. असले विचित्र आकडे का? एक शिलिंगपर्यंतच्या मालावर तिकीट दीड पेनीचं, अडीच शिलिंगपर्यंतच्या मालावर तीन पेनीचं, चार शिलिंगपर्यंत सहा पेनीचं. मूळ किमतीत तिकीट मिळवलं की तेच आकडे हाती येतात. कर ग्राहकाच्या खिशातून जात होता आणि तो लपवायची दुकानदाराला गरजही वाटत नव्हती, कारण तिकीट त्याच्या फायद्याचं होतं. बाटलीच्या तोंडावर सरकारी शिक्का म्हटल्यावर माल सरकारमान्य असणार, असं साध्या गिऱ्हाइकाला वाटे. अखेर ‘हे तिकीट म्हणजे सरकारची हमी नव्हे’ अशा अर्थाचा मजकूर तिकिटावरच छापायची वेळ खात्यावर आली. त्याने गैरसमज किती कमी झाला असेल, याची मला शंकाच आहे.

हिंदुस्थानशी नातं सांगणारं एक औषध या सगळ्याचा नमुना म्हणून घेता येईल. इथल्या फौजेत डॉक्टर असलेल्या जॉन कॉलिस ब्राउन यांनी 1848 च्या सुमारास अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांग यांचं एक मिश्रण केलं आणि त्याला क्लोरोडाइन हे नाव दिलं. अफू असल्यामुळे पटकी आणि हगवणीत गुण दिसायचा, हे खरंच. सवयही लागायची, तेही खरं. पुढे डॅव्हनपोर्ट नावाच्या औषधविक्याच्या भागीदारीत ते बाजारात आलं. फ्रीमन नावाच्या दुसऱ्या विक्रेत्याने मूळ शोध आपलाच, असा दावा केला. 1864 मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायाधीश पेज वुड यांनी शोध ब्राउन यांचा असल्याचं आणि फ्रीमनची हकीकत धादांत खोटी असल्याचं म्हटलं. पुढची कित्येक वर्षं न्यायाधीशांचं हे म्हणणं, ‘टाइम्स’च्या अंकाच्या तारखेसकट, क्लोरोडाइनच्या जाहिरातीत झळकत राहिलं. त्याच जाहिरातीत आणखी एक सूचना असे: सरकारी तिकिटावर ब्राउन यांचं नाव असेल तरच माल अस्सल समजावा. कोर्ट आणि करखातं, दोघांनाही या गृहस्थांनी फुकटात जाहिरातीला जुंपलं.

अशा जाहिराती वाचताना एक पथ्य पाळावं लागतं. लोकांना कोणते आजार होते हे जाहिरातीवरून कळत नाही. कोणत्या आजाराच्या भीतीवर माल खपतो एवढंच कळतं. बाटलीत काय होतं, यासाठी वेगळा कागद लागतो. तो ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 मध्ये छापला. गुप्त औषधांचं रासायनिक पृथक्करण करून त्यांनी घटकांची किंमत काढली. बीचमच्या गोळ्यांत निघालं काय, तर कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. 56 गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. डबी विकायची एक शिलिंग दीड पेनीला, आणि जाहिरातीत तिचं मोल एका गिनीचं. गंमत अशी की डबीवरच्या तिकिटाची किंमत आतल्या मालाच्या बारापट होती.

1903 चा एक निकाल मात्र सरळ नागपूरच्या प्रकरणांकडे नेतो. ग्लिन-जोन्स नावाच्या औषधविक्याने क्विनाइनचा अमोनियायुक्त अर्क तिकीट न लावता विकला, आणि बाटलीवर तो सर्दी-तापावरचा उत्तम उपाय असल्याचंही छापलं. खात्याने खटला भरला. कोर्टाने कौल औषधविक्याच्या बाजूने दिला: औषध सर्वज्ञात आणि मान्यताप्राप्त असेल, आणि पात्र औषधविक्या ते विकत असेल, तर बाटलीवर शिफारस छापली म्हणून कर लागत नाही. थोडक्यात, कृती उघड्या ग्रंथात असेल तर सूट, मालकाच्या तिजोरीत असेल तर कर. पार्लमेंटच्या चौकशी समितीने या सगळ्या धंद्यावर नंतर जाडजूड अहवाल लिहिला, पण तो बाहेर पडला 4 ऑगस्ट 1914 ला, नेमका ब्रिटनने युद्ध पुकारलं त्या दिवशी. वाचणार कोण? तिकिटाचा कर तर 1941 पर्यंत चालूच राहिला.

आपल्याकडे चित्र निराळं. औषधांच्या बाजाराची चौकशी करणारी चोप्रा समिती 1930 ची, औषधांचा कायदा 1940 चा. जाहिरातींना वेसण घालणारा औषधी आणि जादुई उपचार कायदा 1954 मध्ये आला. त्यात जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनसुद्धा आहे. युनानी औषधं बनवणाऱ्या हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिलं. डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातले काही तुकडे रद्द केले, पण मनाई असलेल्या औषधांची व्यापारी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, हे ठामपणे सांगितलं. त्यानंतर 1961 मध्ये एक्साइजच्या दरपत्रकात 14-ई हे कलम आलं: पेटंट किंवा मालकीची औषधं. लंडनची जुनी कसोटी इथे जवळजवळ जशीच्या तशी दिसते. नाव अधिकृत औषधकोशातलं नसून मालकाचं स्वतःचं असेल तर कर. आणि केवळ आयुर्वेदिक, युनानी, सिद्ध किंवा होमिओपॅथिक असलेली औषधं या कलमाच्या बाहेर.

इथून सगळं उलटं झालं. लंडनचा विक्रेता कर वाचवायला ‘हे काही खास औषध नव्हे’ म्हणायचा. नागपूरचा उत्पादक ‘हे औषधच आहे’ म्हणू लागला, कारण औषधाला सवलत आणि मंजनाला कर.

बैद्यनाथची सुरुवात 1917 ची, कलकत्त्याची. नागपुरातला पसारा नंतरचा. लाल मंजनातले घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत, हा कंपनीचा युक्तिवाद. पुडीत मोठा वाटा गेरूचा. न्यायालयाने शास्त्रीय अर्थ बाजूला ठेवला. कराच्या कायद्यात वस्तूला वापरणारे लोक काय समजतात ते बघायचं. औषध साधारणपणे वैद्याच्या सांगण्यावरून आणि काही दिवसांपुरतं घेतात, मंजन रोज सकाळी लावतात. तेव्हा हे मंजनच. 1986 पासून नवं दरपत्रक लागू झालं म्हणून कंपनीने पुन्हा प्रयत्न केला. 2009 मध्ये उत्तर तेच मिळालं.

विकोचं नशीब वेगळं. नागपुरात किराणा दुकान चालवून मुंबईला गेलेले केशव विष्णू पेंढरकर यांनी 1952 मध्ये हा व्यवसाय सुरू केला आणि पहिलं उत्पादन दंतमंजनच होतं. 1980 च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने विकोची उत्पादनं आयुर्वेदिक औषधं ठरवली होती. 2005 च्या प्रकरणात खात्याला नवं दरपत्रक दाखवूनही ते फिरवता आलं नाही. पुमाच्या लेपांना आणि तेलांनाही मुख्यतः औषधाचा दर्जा मिळाला.

दोन्ही दंतमंजनांचे निकाल एकापुढे एक ठेवून वाचले की मला एक गोष्ट खटकते. विकोच्या प्रकरणात जुना निकाल कंपनीच्या बाजूचा, म्हणून तो टिकला. बैद्यनाथच्या प्रकरणात जुना निकाल खात्याच्या बाजूचा, म्हणून तोही टिकला. ज्याचा पहिला डाव चांगला पडला तो जिंकला. घटकांची आणि ग्रंथांची चर्चा दोन्हीकडे आहे, पण माझ्या मते निर्णायक ठरलं ते आधीचंच प्रकरण.

‘लोक काय समजतात’ ही कसोटी वापरून बघायची असेल तर अमरावती रोडवरची वाडी चांगली जागा आहे. नागपूरची गोदामं आणि ट्रान्सपोर्टची कचेऱ्या या बाजूला. माल इथे उतरतो आणि विदर्भभर पांगतो. वाडीतल्या किराणा दुकानात लाल मंजन साबणाच्या आणि टूथपेस्टच्या शेजारी असतं, मागायला चिठ्ठी लागत नाही. हेच मंजन शेजारच्या ‘मेडिकल’मध्येही मिळतं. औषध नियम 161 प्रमाणे आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर तसा उल्लेख सक्तीचा आहे. म्हणजे औषधखात्याच्या नियमाने डबी औषध म्हणवते आणि करखात्याच्या निकालाने मंजन ठरते. गिऱ्हाईक ती दोन्ही समजून घेतं, आणि एका शब्दाची निवड करायला त्याला कुणी सांगितलेलंही नाही. न्यायालयाने ती निवड त्याच्या वतीने केली. ग्रंथाच्या कसोटीचीही एक बाजू नोंदवण्यासारखी आहे: औषध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मान्य ग्रंथांची जी यादी आहे, तिच्यात ‘आयुर्वेद सारसंग्रह’ आहे, आणि त्याचे प्रकाशक बैद्यनाथच आहेत.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला. त्यात आयुर्वेदिक औषधांना 12 टक्के आणि दंतमंजनाच्या पुडीलाही 12 टक्के लागले. टूथपेस्ट तेवढी 18 टक्क्यांत गेली. 22 सप्टेंबर 2025 पासून तिन्ही 5 टक्क्यांवर आली. लाल मंजन औषध ठरो की पूड, कर आता तेवढाच.