बंगळुरूतील आरोग्यसेवा : दुखणे कोणते आणि दार कोणते?

नोकरी, शिक्षण किंवा उपचार यांसाठी महाराष्ट्रातून बंगळुरूला जाणाऱ्यांचा ओघ मोठा आहे. या शहरात नामवंत रुग्णालयांची वानवा नाही. नवख्या कुटुंबाची अडचण निराळीच असते. साध्या तापासाठी थेट मोठ्या रुग्णालयात धाव घेतली जाते आणि छातीत दुखू लागल्यावर मात्र घरगुती उपायांत मोलाचा वेळ जातो. पहिल्या प्रकारात पैसा वाया जातो, दुसऱ्या प्रकारात जीव धोक्यात येतो. कोणत्या दुखण्यासाठी कोठे जावे, याची माहिती आधीपासून असणे हाच या अडचणीवरचा उपाय आहे.

प्लेगचा धडा

बंगळुरूच्या आधुनिक आरोग्यव्यवस्थेचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला गेला. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवानिमित्त १८९७ साली म्हैसूर संस्थानच्या राजप्रतिनिधी महाराणींच्या हस्ते व्हिक्टोरिया रुग्णालयाची कोनशिला बसवण्यात आली. १९०० साली लॉर्ड कर्झन यांनी त्याचे उद्घाटन केले. दरम्यान, १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग १८९८ मध्ये बंगळुरूत पोहोचला. दाट वस्तीच्या जुन्या पेठेत त्याने हाहाकार उडवला. त्यानंतर रुंद रस्ते, मोकळी हवा आणि सांडपाण्याची सोय असलेल्या मल्लेश्वरम व बसवनगुडी या वसाहतींच्या वाढीला वेग आला. आरोग्य हे औषधाइतकेच हवा, पाणी आणि घर यांवर अवलंबून असते, हा तो धडा आजही लागू आहे.

हवा, पाणी आणि डास

समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील या शहराची हवा सौम्य मानली जाते. तरीही येथे आल्यावर अनेकांना सतत शिंका, नाक वाहणे, डोळ्यांना खाज आणि रात्रीचा खोकला यांचा त्रास सुरू होतो. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ आणि परागकण ही त्याची प्रमुख कारणे आहेत. पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात प्रथम नजरेत भरलेले गाजरगवत बंगळुरूच्या मोकळ्या जागांवरही माजलेले असते. त्याच्या परागांमुळे नाकाची आणि त्वचेची अ‍ॅलर्जी होते. अशा त्रासावर परस्पर प्रतिजैविके घेऊन उपयोग होत नाही. श्वास घेताना शिटीसारखा आवाज येत असल्यास किंवा झोपमोड होत असल्यास दम्याची तपासणी करून घेणे आवश्यक असते.

शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून चढवून आणले जाते. बाहेरच्या भागांतील अनेक वसाहती दीर्घकाळ कूपनलिका व टँकर यांवर अवलंबून राहिल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो कूपनलिका आटल्या आणि पाणीटंचाई तीव्र झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. टँकरचे पाणी उकळून किंवा योग्य रीतीने शुद्ध करूनच प्यावे. जुलाब झाल्यास जलसंजीवनीची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडी थोडी द्यावी. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. लघवी कमी होणे, शौचातून रक्त पडणे किंवा मूल मलूल होणे ही डॉक्टरांकडे नेण्याची लक्षणे आहेत.

पाणी साठवले की डासांचा प्रश्न येतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि मुख्यतः दिवसा चावतो. २०२४ मध्ये कर्नाटकात डेंग्यूचा मोठा उद्रेक झाला. राज्य शासनाने त्या वर्षी जुलैमध्ये खासगी रुग्णालये व प्रयोगशाळांसाठी चाचण्यांचे कमाल दर ठरवून दिले. एनएस-१ व आयजीएम या एलायझा चाचण्यांसाठी प्रत्येकी तीनशे रुपये असा तो दर होता. सप्टेंबरमध्ये डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित करण्यात आले. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-१ चाचणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढत असल्याने ती टाळावीत. खरा धोका अनेकदा ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतो. पोटात तीव्र दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त येणे किंवा अस्वस्थपणा दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. प्लेटलेटचा केवळ आकडा पाहून त्या चढवण्याचा आग्रह कुटुंबाने धरू नये. तो निर्णय रक्तस्राव व इतर लक्षणे पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

पहिले दार : जवळचा दवाखाना

ताप, खोकला, पोटाचे विकार, रक्तदाब, मधुमेह यांसाठी घराजवळचा सामान्य डॉक्टर हेच पहिले दार आहे. तो कुटुंबाचा पूर्वेतिहास जाणतो आणि गरज असेल तेव्हाच तज्ज्ञाकडे पाठवतो. मुंबई-पुण्यात ‘फॅमिली डॉक्टर’ असणाऱ्या कुटुंबांनी नव्या शहरात आजारी पडण्याआधीच असा डॉक्टर शोधून ठेवणे हिताचे ठरते. ज्यांना खासगी शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी शासकीय नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. त्यांच्या जोडीला ‘नम्म क्लिनिक’, म्हणजे ‘आपला दवाखाना’, ही मोफत सेवा आहे. राज्यात तिचा प्रारंभ डिसेंबर २०२२ मध्ये झाला. बंगळुरूत प्रत्येक प्रभागात असा एक दवाखाना असावा, अशी मूळ योजना होती. तपासणी, प्राथमिक चाचण्या व नेहमीची औषधे तेथे मिळतात.

मोठ्या संस्था, नेमके काम

बंगळुरूच्या सार्वजनिक रुग्णालयांचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांतील अनेक संस्था एकेका विषयाला वाहिलेल्या आहेत. हृदयविकारासाठी जयदेव संस्था, कर्करोगासाठी १९७३ साली स्थापन झालेली किडवाई संस्था, मुलांसाठी इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था, अस्थिभंग व अपघातांसाठी संजय गांधी संस्था, तर मेंदू, मज्जासंस्था व मनाच्या आजारांसाठी निम्हान्स. यांपैकी बऱ्याचशा संस्था होसूर रस्त्याच्या परिसरात एकमेकींपासून जवळ आहेत. डोळ्यांसाठी मिंटो आणि प्रसूती व बालरोगांसाठी वाणी विलास ही रुग्णालये जुन्या शहरात व्हिक्टोरियाच्या सान्निध्यात आहेत.

या संस्थांत गर्दी असते आणि बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी सकाळच्या वेळात होते. बाहेरगावच्या रुग्णाने आदल्या दिवशी पोहोचणे, जुने कागद तारखांच्या क्रमाने लावणे, क्ष-किरण व एमआरआयचे केवळ अहवाल न आणता चित्रेही सोबत ठेवणे आणि निदान दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाची तयारी करणे श्रेयस्कर ठरते. एकाच फेरीत सर्व काही उरकेल, अशी अपेक्षा धरू नये.

तातडीच्या प्रसंगी

तातडीच्या वेळी मात्र वरील क्रम बदलतो. बंगळुरूच्या वाहतुकीत ओळखीचे दूरचे रुग्णालय गाठण्यापेक्षा उपचारांची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय गाठणे महत्त्वाचे असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा कर्नाटकात १ नोव्हेंबर २००८ पासून सुरू आहे. पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदत यांसाठी ११२ हा सामायिक क्रमांक आहे.

छातीत दाब येऊन दुखणे, घाम फुटणे, हात किंवा जबडा दुखणे हे पित्ताचे लक्षण समजून थांबू नये. चेहरा एका बाजूला झुकणे, एका हातातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, हळद किंवा मिरची लावू नये आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

अपघातातील जखमीला वाचवण्यास प्राधान्य देणे हे शासकीय व खासगी अशा सर्वच डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले. जखमीला मदत करणाऱ्या नागरिकाला त्रास देऊ नये, यासाठीच्या नियमांनाही न्यायालयाने २०१६ मध्ये बळ दिले. केंद्राच्या २०२५ च्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळू शकतात.

मनाचे दुखणे

घरापासून दूर राहणे, रात्रपाळी, तासन्‌तास प्रवास आणि नोकरीची अनिश्चितता यांमुळे झोप उडणे, चिंता, नैराश्य हे त्रास तरुणांतही दिसतात. त्यांकडे स्वभावदोष म्हणून पाहिले जाते आणि उपचार लांबतात. याच शहरात देशातील अग्रगण्य संस्था आहे. १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था व जुने मानसिक रुग्णालय यांच्या विलीनीकरणातून १९७४ मध्ये निम्हान्स अस्तित्वात आली. २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. मोबाइल व इंटरनेटच्या अतिवापरासाठी तेथे २०१४ पासून स्वतंत्र सल्लासेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचे राष्ट्रीय केंद्रही निम्हान्स हेच आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते आणि या सेवेच्या भाषांत मराठीचा समावेश आहे. आत्महत्येचे विचार मनात येत असल्यास हा क्रमांक लावण्यास किंवा रुग्णालयात जाण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

खर्चाची तरतूद

आयुष्मान भारत योजनेतील पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात आणि महाराष्ट्रात काढलेले आयुष्मान कार्ड परराज्यातील संलग्न रुग्णालयातही चालू शकते. सत्तर वर्षे व त्यावरील ज्येष्ठांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही. रुग्णालय व विशिष्ट उपचार योजनेत आहेत का, याची खात्री १४५५५ वर आधी करून घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ही महाराष्ट्राची राज्य योजना आहे. तिचा लाभ बंगळुरूत मिळेलच, असे गृहीत धरू नये.

नोंदणीकृत आस्थापनेत दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार राज्य विमा योजनेत येतात. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपत असल्याने कुटुंबासाठी स्वतंत्र विमा असणे सोयीचे. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही. दीर्घकाळच्या औषधांसाठी जनऔषधी केंद्रे स्वस्त पर्याय देतात.

रुग्णाचे हक्क

कर्नाटकातील खासगी दवाखाने व रुग्णालये यांना २००७ च्या राज्य कायद्यानुसार नोंदणी बंधनकारक आहे. २०१७ च्या दुरुस्तीने त्यात रुग्णांच्या हक्कांची सनद आली. दरपत्रक दर्शनी भागात लावणे, खर्चाचा अंदाज देणे आणि तातडीच्या रुग्णाला आगाऊ रकमेसाठी न अडवणे या बाबी त्या चौकटीत येतात. वैद्यकीय नोंदींची मागणी केल्यावर त्या ७२ तासांत देण्याची तरतूद डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून आहे. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने निश्चित झाले. तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. त्यासाठी देयके व डिस्चार्ज कार्ड जपून ठेवणे गरजेचे असते. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा अविश्वास नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे.

चार कन्नड शब्द

डॉक्टरांशी हिंदी वा इंग्रजीत बोलता येते. मात्र परिचारिका, रुग्णवाहिकेचा चालक किंवा शेजारी यांच्याशी बोलताना थोडे कन्नड उपयोगी पडते. ‘नोवु’ म्हणजे दुखणे. ‘तले नोवु’ डोकेदुखी, ‘होट्टे नोवु’ पोटदुखी आणि ‘एदे नोवु’ छातीतील दुखणे. ‘केम्मु’ म्हणजे खोकला, ‘सक्करे कायिले’ म्हणजे मधुमेह. ‘ज्वर’ आणि ‘वांति’ हे शब्द तर मराठी माणसाला सांगावेही लागत नाहीत.

घरातील प्रत्येकाची चालू औषधे, अ‍ॅलर्जी, जुने आजार आणि विम्याचा क्रमांक एका वहीत लिहून ती वही घरात सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी. जवळच्या डॉक्टरांचा व अहोरात्र सुरू असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक तिच्या पहिल्याच पानावर असावा.